गडद लाल आणि बरगंडी आयशॅडो: डोळे आल्यासारखे न दिसता ती कशी लावायची

लाल आयशॅडोला लोक बिचकतात ते एकाच कारणाने. ‘डोळे आलेत का?’, ‘रडलीस का?’, ‘झोप झाली नाही वाटतं’ असं कुणीतरी विचारेल ही धास्ती असते. मग पॅलेटमधली सगळी तपकिरी खणं झिजतात आणि बरगंडी तशीच कोरी राहते. मला याचं फार वाईट वाटतं, कारण गडद लाल रंगाइतकी ऊब आणि खोली डोळ्यांना दुसरा कुठलाच रंग देत नाही. काळ्या स्मोकी मेकअपने डोळे कठोर दिसू शकतात. बरगंडीने तेवढेच गडद होऊनही ते मऊ राहतात.

आजारी दिसण्याचं कारण रंगात नसतं, तो कुठे लागला आहे यात असतं. रडल्यावर, जागरण झाल्यावर किंवा ॲलर्जी झाल्यावर डोळ्याची कड लाल होते, आतला कोपरा लाल होतो, खालची पापणी लाल होते आणि पांढऱ्या भागावर लाली चढते. नेमक्या त्याच जागी आयशॅडोचा लाल रंग आला, की पाहणाऱ्याला मेकअप दिसतच नाही, त्याला दुखरा डोळा दिसतो. म्हणून या लेखातली प्रत्येक पायरी एकाच नियमातून येते: लाल रंग आणि डोळा यांच्यामध्ये एक गडद रेघ हवी, आणि लाल रंग वर संपतो तिथे तो तपकिरीत विरायला हवा. चिनी ऑपेरातल्या स्त्रीभूमिकांचे चेहरे आठवा. डोळ्यांभोवती गालांपर्यंत गुलाबी-लाल रंग भरलेला असतो, तरी कुणी आजारी दिसत नाही, कारण डोळ्याला लागून जाड, काळी, वर खेचलेली रेघ असते. आपल्याला तेवढी जाड रेघ नको, पण तत्त्व तेच.

शेड निवडताना

‘लाल’ या एका नावाखाली निदान तीन वेगळी कुळं येतात. एक विटकरी किंवा गंजासारखं, ज्यात नारिंगी-तपकिरी झाक असते. दुसरं बरगंडी, वाइन, मरून यांचं, ज्यात निळसर-जांभळट छटा असते. आणि तिसरा निखळ लालभडक. पहिल्यांदाच लावणार असाल तर लालभडक बाजूला ठेवा. तपकिरीकडे झुकलेली बरगंडी घ्या, जी लांबून चॉकलेटी वाटते आणि जवळ आल्यावर लाल. ही शेड चूक झाली तरी सांभाळून घेते.

शेड ओळखायला डबीत बघून उपयोग नाही. हाताच्या पाठीवर तिचा एक पट्टा ओढा, शेजारी साध्या तपकिरी शेडचा पट्टा ओढा आणि खिडकीपाशी जा. शेजारी तपकिरी असली की लाल शेड विटकरीकडे झुकते की जांभळ्याकडे, हे लगेच कळतं. मग बोटाने पट्टा थोडा पसरवा. कडेला तो गुलाबी होत असेल तर पापणीवरही तसाच गुलाबी होणार, आणि गुलाबी कड म्हणजे सुजलेली पापणी.

उजळ त्वचेवर लाल पटकन कच्च्या जखमेसारखा दिसतो, म्हणून तिथे थर पातळ हवा आणि तपकिरीचा आधार जास्त हवा. गव्हाळ रंगावर जवळजवळ सगळ्या शेड चालतात. विटकरी तर खास खुलते. सावळ्या आणि गडद त्वचेला मी मनापासून सांगते, बरगंडी तुमच्यासाठीच आहे. फक्त पावडर खडूसारखी पांढुरकी नको. स्वस्त किंवा फिक्या शेडमध्ये पांढरी भर जास्त असते आणि ती गडद त्वचेवर राखाडी-गुलाबी होऊन बसते. बोटाला लावल्यावर जी शेड एका स्पर्शात गडद उतरते, तीच घ्या.

डोळ्यांच्या रंगाचाही विचार करता येतो. रंगचक्रात लालच्या समोर हिरवा असतो, त्यामुळे हिरव्या आणि हिरवट-तपकिरी डोळ्यांना लाल अक्षरशः पेटवतो. निळ्याच्या समोर नारिंगी, म्हणून निळ्या डोळ्यांना विटकरी झाक बरी. तपकिरी आणि काळ्या डोळ्यांना काहीही चालतं. पण बरगंडीत त्यांच्यातली सोनेरी-तपकिरी झाक जशी वर येते, तशी ती काळ्या आयशॅडोत कधी येत नाही.

डबीच्या मागची घटकांची यादीही एकदा वाचा. लाल आयर्न ऑक्साइड ‘सीआय 77491’ या क्रमांकाने लिहिलेलं असतं. विटकरी-तपकिरी लाल बहुतेक त्याचाच, आणि तो पापणीवर डाग सोडत नाही. कारमाइन ‘सीआय 75470’ म्हणून येतं. ते कोचिनील या किड्यापासून काढतात आणि त्याचा लाल निळसर, टवटवीत असतो. प्राणिजन्य घटक टाळणाऱ्यांना ते चालणार नाही, आणि काही थोड्या लोकांना त्याची ॲलर्जीही होते. त्यामुळेच अमेरिकेत 2011 पासून सौंदर्यप्रसाधनांच्या लेबलवर त्याचं नाव स्पष्ट छापावं लागतं. आणखी एक गोष्ट. अमेरिकेत डोळ्यांभोवती वापरायच्या रंगद्रव्यांना वेगळी परवानगी लागते आणि ओठांवर चालणाऱ्या काही लाल रंगांना ती नाही. म्हणून काही पॅलेटमधल्या लाल शेडला तिथे आयशॅडो न म्हणता ‘प्रेस्ड पिगमेंट’ म्हणतात आणि मागे ‘डोळ्यांजवळ वापरू नये’ असं छापतात. त्यातली काही द्रव्यं युरोपात डोळ्यांसाठीही चालतात, त्यामुळे घाबरून जाऊ नका. पण संवेदनशील डोळे असतील किंवा लेन्स वापरत असाल, तर अशी सूचना असलेली शेड सोडून दिलेलीच बरी.

आधीची तयारी

डोळे आधी, चेहऱ्याचा बेस नंतर. तपकिरी पावडर गालावर सांडली तर झटकता येते. बरगंडी सांडली आणि खाली फाउंडेशन असेल, तर ती त्यात मुरते आणि पुसायला गेलं की गुलाबी पट्टा उमटतो. लेन्स लावत असाल तर त्या मेकअपच्या आधी घाला.

ब्रश तीन पुरतात: एक फुगीर मऊ ब्लेंडिंग ब्रश, एक चपटा दाट ब्रश, आणि पेन्सिलच्या टोकासारखा एक बारीक. जमलं तर आणखी एक कोरा फुगीर ब्रश हाताशी ठेवा, त्याला कुठलाच रंग लावायचा नाही.

पापणीवर त्वचेच्या रंगाचा प्रायमर (रंग धरून ठेवणारा पायाचा थर) किंवा अगदी थोडा कन्सीलर लावा. पापणीवर आधीच लाली किंवा निळ्या शिरा असतील तर त्या झाकल्या जायला हव्यात, नाहीतर वरचा लाल ठिकठिकाणी वेगळा दिसेल. यानंतरची पायरी बरेच जण गाळतात आणि मग आयशॅडोला दोष देतात. प्रायमर चिकट असतानाच गडद मॅट (चमक नसलेला) लाल लावला, तर ब्रश जिथे पहिल्यांदा टेकला तिथे ठिपका बसतो आणि तो काही केल्या पसरत नाही. म्हणून प्रायमरवर आधी त्वचेच्या रंगाची आयशॅडो किंवा पारदर्शक पावडर हलक्या हाताने फिरवा. पापणी बोटाला कोरडी लागली की पुढे चला.

आता प्रत्यक्ष लावायला घेऊ

सुरुवात तपकिरीने. तुमच्या त्वचेपेक्षा एक-दोन छटा गडद असलेली मॅट तपकिरी फुगीर ब्रशवर घ्या, ब्रश दांड्याच्या टोकाशी धरा, म्हणजे हात आपोआप हलका पडतो. पापणीच्या घडीत आणि घडीच्या किंचित वर, गाडीच्या काचेवरच्या वायपरसारखा तो मागे-पुढे फिरवा. ही तपकिरी शेवटी फारशी दिसणार नाही, पण लाल रंगाला उतरायला पायरी हीच. ती नसेल तर लाल थेट कातडीला भिडतो आणि वरची कड सुजल्यासारखी दिसते.

मग बरगंडी. चपट्या ब्रशवर थोडीच घ्या, डबीच्या काठावर टकटक करून जादा पावडर पाडा आणि बाहेरच्या कोपऱ्यात, पापणीच्या केसांच्या मुळाशी टेकवा. घासू नका, टिपल्यासारखं लावत आत या. पहिला थर अपुरा वाटेल, तसाच राहू द्या. पातळ थरावर दुसरा पातळ थर हीच या रंगाची रीत आहे. मॅट बरगंडीत बऱ्याचदा वेगवेगळी रंगद्रव्यं मिसळलेली असतात, आणि एकाच वेळी जाड थर देऊन तो घासला की मधला रंग उचलला जातो आणि टक्कल पडल्यासारखा ठिपका राहतो. तिथे आणखी घासून काही होत नाही. बोटाने थोडा प्रायमर टिपा, वाळू द्या, पुन्हा रंग टेकवा.

बरगंडी घडीपर्यंत आणा, फार तर बोटाच्या नखाच्या जाडीएवढी वर. भुवईखालच्या हाडापर्यंत ती कधीच न्यायची नाही. भुवई आणि घडी यांमधली निम्मी जागा तरी कातडीच्या रंगाची राहिली पाहिजे. आता मघाचाच तपकिरी ब्रश, नवा रंग न घेता, दोन्ही रंग जुळतात त्या कडेवरून फिरवा. त्यानंतर कोरा ब्रश. लाल कुठे संपला आणि तपकिरी कुठे सुरू झाली हे सांगता येऊ नये, एवढं झालं की थांबा. लाल रंगाला ब्लेंडिंग जास्त झालं की तो गुलाबी होत वर वर चढतो, म्हणून इथे हात आवरता घेणं महत्त्वाचं.

पापणीच्या मधोमध काय ठेवायचं ही आवडीची गोष्ट आहे. नुसती मॅट बरगंडी दिवसा छान दिसते. संध्याकाळी मध्यभागी तांबूस किंवा जुन्या सोन्याच्या छटेची शिमर (चमकती आयशॅडो) बोटाने दाबून लावा. बोटाच्या उबेने ती ब्रशपेक्षा चांगली बसते. चांदीसारखी थंड शिमर विटकरी लालवर विसंगत दिसते, वाइन छटेवर मात्र चालते. ग्लिटर लावायचंच असेल तर डोळ्यांसाठी बनवलेलंच घ्या. हस्तकलेचं ग्लिटर डोळ्यात गेलं तर बुबुळाला ओरखडे पडू शकतात.

आता ती गडद रेघ, या साऱ्या खटाटोपाचा कणा. काळी किंवा काळपट तपकिरी जेल पेन्सिल घ्या. पापणी बोटाने किंचित वर उचला आणि वरच्या केसांच्या मुळांमधल्या फटी भरून काढा. लायनर वर ओढण्याआधी या फटी भरणं आवश्यक, कारण रेघ आणि डोळा यांच्यामध्ये गुलाबी कातडीची कड उघडी राहिली तर सगळी मेहनत वाया जाते. मग वरून बारीक रेघ ओढा, बाहेरच्या कोपऱ्याकडे थोडी जाड करत. ती फार सुटी वाटली तर बारीक ब्रशवर तुमच्याकडची सर्वांत गडद बरगंडी घेऊन रेघेच्या वरच्या काठावर दाबा. काळा लालमध्ये विरघळतो आणि दोन्ही एकजीव होतात.

खालची पापणी ही सर्वांत धोक्याची जागा. वर कितीही सुंदर जमलं असलं, तरी खाली पूर्ण लाल पट्टा ओढला की डोळे आलेच समजा. खाली आधी तपकिरीच लावा, केसांच्या मुळाशी, अरुंद. त्यावर बरगंडी फक्त बाहेरच्या एक तृतीयांश भागात, वरच्या रंगाला जोडून. आतल्या निम्म्या भागात लाल नको. वॉटरलाइनवर, म्हणजे केसांच्या आतल्या ओलसर कडेवर, दोनच पर्याय मला पटतात. काळं काजळ, ज्याने सगळं गहिरं होतं, किंवा त्वचेच्या रंगाची पेन्सिल, ज्याने कडेची नैसर्गिक लाली झाकते आणि डोळे ताजे दिसतात. शुभ्र पांढरी पेन्सिल इथे रंगवल्यासारखी दिसते. लाल पेन्सिल वॉटरलाइनवर कितीही मोहात पाडणारी असली, तरी रोजच्या वापरात टाळा.

आतल्या कोपऱ्यात फिकी, किंचित चमकती बेज शेड टिपा. त्या कोपऱ्यात नैसर्गिक लाली असतेच, त्यावर थोडा उजेड पडला की नजर तिथून हटते. मस्कारा काळाच, दोन हात. बरगंडी मस्काराही मिळतो आणि तपकिरी आयशॅडोबरोबर तो फार देखणा दिसतो. लाल आयशॅडोबरोबर मात्र नको, कारण सीमेचं काम केसही करत असतात आणि ते लाल झाले की सीमा पुसट होते.

शेवटी सांडलेली पावडर. मोठ्या कोरड्या ब्रशने झटका, ओल्या बोटाने पुसू नका. मग चेहऱ्याचा बेस. डोळ्यांखाली कन्सीलर लावाच. काळी वर्तुळं असतील तर आधी पीच छटेचा करेक्टर. आणि नाकपुड्यांच्या कडेलाही कन्सीलर लावा. लाल आयशॅडो आणि लाल नाक एकत्र आलं की सर्दी झाल्यासारखं दिसतं. हे आरशात स्वतःच्या लक्षात येत नाही, समोरच्याच्या येतं.

डोळ्यांच्या ठेवणीनुसार

डोळे उघडल्यावर पापणीची घडी झाकली जात असेल, तर रंग लावताना डोळे उघडेच ठेवा आणि सरळ आरशात बघा. खऱ्या घडीच्या थोडं वर, जिथे तो दिसेल तिथे तपकिरी लावा. बरगंडी मात्र खालीच, केसांजवळ ठेवा. घडी नसलेल्या पापणीवर खालून वर गडद ते फिका असा उतार करा: मुळाशी काळपट वाइन, मग बरगंडी, मग तपकिरी. खोल बसलेल्या डोळ्यांना घडीत गडद लाल भरला तर ते आणखी खोल जातात, म्हणून गडदपणा बाहेरच्या कोपऱ्यापुरता आणि मध्यभागी सॅटिन (मंद चमक असलेली) शेड.

वयाबरोबर पापणी सैल झाली असेल तर कुणाचंही ऐकून हा रंग सोडू नका. भरड शिमर तेवढी टाळा, ती प्रत्येक सुरकुती मोजून दाखवते. मॅट किंवा मंद सॅटिन बरगंडी, वर मुळांशी मऊ पसरवलेली तपकिरी पेन्सिल आणि खाली जवळजवळ काहीच नाही, एवढ्याने चेहरा उजळतो.

बाकी चेहरा

गालांवर हात आखडता घ्या. डोळ्यांवर लाल आणि गालांवर गुलाबी असलं की ताप आल्यासारखं दिसतं. पीच किंवा तपकिरी झाक असलेला ब्लश थोडासा पुरे. ओठांना त्वचेच्या जवळची तपकिरी-गुलाबी, किंवा थेट डोळ्यांच्याच कुळातली बरगंडी लिपस्टिक. दोन्ही गडद ठेवायचं धाडस मला आवडतं, फक्त छटा एकाच कुळातली हवी. विटकरी डोळे आणि निळसर वाइन ओठ एकमेकांशी भांडतात. भुवया नीट भरा, पण लालसर तपकिरी पेन्सिलने नव्हे.

एवढा वेळ नसेल तेव्हा

प्रायमर, पावडर, मग एकच तपकिरी-बरगंडी शेड बोटाने पापणीवर, कडा कोऱ्या ब्रशने विरवून, काळी पेन्सिल केसांच्या मुळाशी आणि मस्कारा. कामाच्या ठिकाणी हे पुरेसं आहे. याहून सोपा मार्ग हवा असेल तर नेहमीच्या काळ्या रेघेच्या वर बरगंडी पेन्सिलची एक बारीक रेघ ओढा. ज्यांना लाल आयशॅडोची अजून भीती वाटते त्यांनी इथूनच सुरुवात करावी.

सगळं झाल्यावर फारच लाल वाटलं, तर पुसायची घाई करू नका. बहुतेक वेळा लायनर आणि मस्काराचा दुसरा हात दिल्यावर तेच नेमकं वाटतं. तरीही खटकलं तर कडांवर तपकिरी आणि मधे थोडी काळपट चॉकलेटी दाबा. राखाडी वाटलं तर वर विटकरीचा एक पातळ थर द्या, ऊब परत येते.

उतरवताना

तेलाचा अंश असलेला किंवा दोन थरांचा, हलवून वापरायचा रिमूव्हर घ्या. कापसाला लावून मिटलेल्या डोळ्यावर 15 ते 20 सेकंद नुसता धरून ठेवा आणि मग खाली ओढा. लेन्स असतील तर आधी काढा. एवढं करूनही पापणीवर फिकट गुलाबी छटा राहिली तर तो कारमाइनचा किंवा इतर लाल द्रव्याचा डाग आहे. तो घासू नका. घासल्याने कातडीच लाल होते आणि डाग गेला की नाही हे कळत नाही. क्लिन्झर आणि पाण्याने धुवा, उरलेला एक-दोन दिवसांत आपोआप जातो. पुढच्या वेळी प्रायमरचा थर नीट असेल तर तो पडणारही नाही.

डोळे खरोखरच आले असतील, खाज किंवा चिकटा असेल, तर बरे होईपर्यंत कुठलाच मेकअप नको, आणि त्या दिवसांत वापरलेला मस्कारा, पेन्सिल फेकून द्या. एरवीही मस्कारा तीन महिन्यांनी बदलावा. बरगंडीसाठी वापरलेला ब्रश सौम्य साबणाने पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवा आणि आडवा वाळवा. लाल रंग ब्रशच्या केसांत फार काळ टिकतो आणि पुढच्या वेळी बेज शेडला गुलाबी करून टाकतो, म्हणून त्याच्यासाठी एक ब्रश कायमचा वेगळा काढून ठेवा.